खाड्याचा हिशेब

(गंगाखेड इथे महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. उतरवून घेताना बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि आरोग्य' असा विषय छापला आहे. सकाळी डॉक्टरताईंनी रक्तपांढरी, पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी हे सगळं इतकं नीट समजावून सांगितलं की त्यात मी भर घालावी असं काही उरलं नाही. आणि मी डॉक्टरही नाही. माझं शिक्षण एम.एस.डब्ल्यू.चं, आणि गेली दहा वर्षं काम याच जिल्ह्यात, बरंचसं गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांत. म्हणून मी विषय जरा सरकवून घेते. आजार चार दिवसांत न जाता वर्षानुवर्षं अंगात मुक्काम करून राहिला की बाईच्या कामाचं आणि मजुरीचं काय होतं, आणि ती मजुरी टिकवण्यासाठी ती आपल्या शरीराचं काय करून घेते, हे मला बोलायचं आहे. यात माझीही एक चूक आहे. शेवटी सांगते म्हटलं तर वेळ संपल्याचं निमित्त होईल, म्हणून ती मधेच सांगणार आहे.

जनाबाईच्या या गावात बाईच्या कष्टाची ओळख करून द्यायची गरज नाही. पण आज पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी आल्या आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. दिवाळीच्या आगेमागे आमच्या या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होतात. म्हातारी माणसं आणि थोडी लेकरं मागं राहतात. बाकी सगळे ऊस तोडायला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरला, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पाच-साडेपाच महिने मुक्काम कोपीवर. मजुरी माणसाची नसते, कोयत्याची असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. नवरा तोडतो; बायको पाचट बाजूला करते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. मोळी तीस-चाळीस किलोची. ट्रक रात्री अकराला आला तर भरणी रात्री अकराला. पहाटे तीनला उठून भाकरी, पाणी, लेकरं हे कोयत्याच्या हिशेबात धरत नाहीत. ते बाईचं घरचं काम.

आणि हे सगळं उचल घेऊन. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम पैसे देतो. जोडीला लाखाच्या आसपास, कधी कमी, कधी जास्त. हंगामभर तोडून ते फेडायचे. एखादा दिवस कामावर गेलं नाही तर त्याला खाडा म्हणतात. खाड्याची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. पाचशे रुपये हा आकडा मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. ताप असो, बाळंतपण असो की पाळी असो, त्याला खाडाच म्हणतात. मुकादमाच्या वहीत आजारपणासाठी वेगळा शब्दच नाही.

आता माझी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका गावातली बाई माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. वय एकतीस. सतराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षापर्यंत दोन लेकरं, एकविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. सहा वर्षांपासून पांढरं जात होतं, पाळीत इतकं अंगावरून जायचं की उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी. फडावर ना आडोसा ना पुरेसं पाणी. पाळीची कापडं ओलीच वापरायची. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल, लेकरं झालीत ना, मग आता ती ठेवायची कशाला. पैसे किती तेही सांगितलं होतं. कॅन्सर हा शब्द खेड्यातल्या बाईपुढे टाकला की पुढचं काही विचारायला ती धजत नाही.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. पिशवी काढावी असं काहीच निघालं नाही. जंतुसंसर्ग होता, जुना, अर्धवट औषध घेऊन वाढवलेला. हिमोग्लोबिन सात. औषधं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि तिथल्या बाई म्हणाल्या की तीन महिने तरी जड उचलू नका. मी केवढी खूश! पुन्हा पुन्हा तिच्या घरी गेले. नवऱ्याला समजावलं, सासूला समजावलं की यंदा हिला कारखान्याला पाठवू नका. त्यांनी ऐकलं. महिन्याच्या बैठकीत मी ही केस मांडली, एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळली म्हणून. अहवालात ती 'यशोगाथा' या मथळ्याखाली छापली गेली.

डिसेंबरात दुसऱ्याच कामासाठी त्या गावच्या शाळेत गेले. सहजच तिच्या मुलीबद्दल विचारलं. सहावीत होती, बारा वर्षांची. गुरुजी म्हणाले, नाव पटावर आहे, पोरगी कारखान्याला आहे.

उचल श्रावणातच घेतली होती. सासूच्या दवाखान्याला आणि घरावरच्या पत्र्याला ती संपलीही होती. मुकादम म्हणाला, जोडी आण नाहीतर पैसे परत कर. बापानं मुलीला नेलं. यात बापालाही मी राक्षस ठरवणार नाही. त्याच्यापुढे तिसरा रस्ता कोणता होता ते मला आजही सांगता येत नाही. मी आईच्या पोटातल्या पिशवीचा विचार केला होता. तिच्या जागी फडात कोण उभं राहणार हा विचार मी केलाच नव्हता. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला केसवर्क शिकवताना कुटुंबाचा आराखडा काढायला लावत. कोण कोणाचं कोण, किती शिकलेलं, कोण कमावतं. उचलीचा रकाना त्यात नव्हता.

एप्रिलमध्ये मुलगी परत आली. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याच्या खुणा. सातवीत ढकलली.

पुढच्या पावसाळ्यात त्या बाईनं मला न सांगता त्याच खाजगी दवाखान्यात जाऊन पिशवी काढून घेतली. मला कळलं तेव्हा मी रागानंच गेले. ती टाके सांभाळत बाजेवर बसली होती. म्हणाली, "ताई, तवा पिशवी राहिली अन् पोरगी गेली. औंदा पिशवी गेली, पोरगी शाळंत हाय."

मी तिथून निघून आले. पण ते वाक्य कानातून जाईना. एक दिवस वही घेऊन बसले आणि तिचा हिशेब मांडून पाहिला. तुम्हीही मांडा, फळ्यावर लिहिते.

जानेवारी २०२४ मध्ये करार झाला, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला सुमारे ३६६ रुपये. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरू. म्हणजे दोघांचे ७३२, एकाच्या वाट्याला ३६६. लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. म्हणजे जवळपास १३७ दिवस. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर हातात उरतात तेरा. त्या तेरा दिवसांत दोघांची सगळी आजारपणं, कारखान्याचा बिघाड, अवकाळी पाऊस, ट्रक न येणं, सगळं बसवायचं. आता ज्या बाईला खूप अंगावरून जातं तिचे महिन्यातले तीन दिवस मोडतात असं धरू. नवरा त्या दिवशी निम्मं काम करतो असंही धरू. ३६६ बुडाले आणि ५०० दंड, दिवसाला ८६६. तीन दिवसांचे २,५९८. पाच महिन्यांचे १२,९९० रुपये. ऑपरेशनला खाजगीत वीस-पंचवीस हजार लागतात, कधी पस्तीस. म्हणजे दोन-अडीच हंगामांत ऑपरेशनचे पैसे फिटले.

हा हिशेब त्या बाईनं वही न घेता केला होता. आपण शिबिरांत म्हणतो, बायका अडाणी आहेत, डॉक्टर त्यांना फसवतात. फसवणारे डॉक्टर आहेत आणि त्यांना मी सोडत नाही. भीती घालून पैसे काढणं हा गुन्हाच आहे. पण डॉक्टर खोटं बोलला नसता तरी हिशेब तोच राहिला असता. रजा नाही म्हणून बाई ऑपरेशन विकत घेते. तीन दिवसांच्या रजेची किंमत ती एकदाच, पोटातून, चुकती करते.

२०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांची गोष्ट देशभर गेली. शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरातल्या जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. मोजणी बीडची आहे, पण परळी इथून केवढी लांब? आपल्या सोनपेठ-गंगाखेडच्या बाया त्याच टोळ्यांत, त्याच ट्रकमध्ये बसून जातात.

त्यानंतर बीडमध्ये नियम झाला की खाजगी दवाखान्याला हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असा आदेश दिला. ती याचिका बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या बायांसाठी होती. म्हणजे हे दुखणं आपल्याच मुलखाचं नाही. हे नियम हवेतच. पण परवानगी लागल्यानं फार तर ऑपरेशन अडेल, अंगावरून जाणं आणि खाडा दोन्ही तिथंच राहतील. माझ्या त्या 'यशोगाथे'त मीही हेच केलं होतं. ऑपरेशन अडवलं आणि घरी आले.

आणि ऑपरेशननंतर काय? ते सकाळी डॉक्टरताईंनी सांगितलंच. किमान सहा आठवडे जड उचलायचं नाही. फडावर सहा आठवडे कोण देतं? दसऱ्याआधी ऑपरेशन आणि दिवाळीनंतर मोळी डोक्यावर, असं मी पाहिलेलं आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले असतील तर तिशीतल्या बाईची पाळी एकदम जाते, अंगाच्या वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे पंधरा-वीस वर्षं आधीच येऊन बसतं. बीजकोष काढले की ठेवले, हे कित्येकींना माहीतच नसतं; कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणून त्या माझ्याकडे येतात. पाच-सहा हंगाम ढकलले जातात. मग कंबर जाते, गुडघे जातात, मुकादम स्वतःच म्हणतो की हा कोयता आता चालत नाही. उचल अर्धी होते. चाळिशीच्या आत बाई गावात खुरपायला येते, तिथली मजुरी याहून कमी. कामानं आजार दिला, आजारानं काम जाईल म्हणून ऑपरेशन केलं, आणि शेवटी ऑपरेशनंतरच्या दुखण्यानंच काम गेलं. जागा मात्र रिकामी राहत नाही. सोळा वर्षांची सून येते.

यावर कायदा काय म्हणतो, हे मी मुद्दाम शोधलं. आजारी माणसाची मजुरी बुडू नये ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा आहे. ज्याला हा विमा लागू आहे त्याला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्यात अटी पूर्ण केल्या तर ८० टक्के रक्कम, दोन वर्षांपर्यंत. ऐकून बरं वाटलं ना? आता पुढचं ऐका. हंगामी कारखाने या कायद्यातून पहिल्यापासून वगळलेले होते. आणि हंगामी म्हणजे कोणते, त्याची यादी कायद्यातच आहे. साखर आणि गूळ करणारे कारखाने, कापसाचं जिनिंग, प्रेसिंग… मी ती यादी वाचली तेव्हा वाटलं, कोणी परभणी जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेऊनच लिहिली की काय! आपल्याकडे साखर आहे आणि परभणी, मानवत, सेलूला कापूस आहे, तिसरं फारसं काही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांची ती वगळणूक तशीच आली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत खोकणाऱ्या बायांबद्दल खरं तर वेगळं बोलायला हवं. आज नाही बोलत. आणि ऊसतोड करणारी बाई तर कारखान्याच्या हजेरीवरही नसते. कारखाना म्हणतो माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो मी वाहतूकवाल्याचे पैसे उचललेत.

दुसरीकडे पाहा. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक मोठा निकाल दिला. एका सरकारी कंपनीतल्या हंगामी कामगाराला एच.आय.व्ही.ची लागण निघाली म्हणून कामावरून काढलं होतं. न्यायालयानं सांगितलं की माणूस ते काम करू शकतो का आणि त्याच्यापासून इतरांना धोका आहे का, एवढंच पाहायचं. नुसत्या आजारापायी त्याची भाकरी काढून घेता येणार नाही. न्यायालयात त्याचं नावही येऊ दिलं नाही. तो कायम नोकरीतला नव्हता, रोजंदारीचा होता, हे लक्षात ठेवा. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एच.आय.व्ही.बाधितांच्या संरक्षणाचा कायदा आला, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात नोकरीतल्या भेदभावाला स्पष्ट बंदी आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. चांगले कायदे आहेत. पण माझ्या ओळखीची एक विधवा बाई लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जायची. ती कुठल्या दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या आणते ते गावाला कळलं, आणि बोलावणी बंद झाली. तिला कोणी काढलं? कोणीच नाही. नुसतं बोलावलं नाही. बोलावणं न येणं कोणत्या कलमात बसवायचं?

इथे बसलेल्या आशाताईंनाही मी विचारते. तुमच्यात शुगर असलेल्या कितीजणी आहेत? हात वर करा… बघा. आणि पाय सुजला म्हणून घरभेटी झाल्या नाहीत तर त्या महिन्याचा मोबदला किती पडतो ते तुम्हीच शेजारणीला सांगा.

आता थोडं आपल्या अंगणातलं. हे बोलावं की नाही याचा मी विचार करत होते, पण बोलते. मी ज्या ठिकाणी आधी काम करत होते तिथे माझ्याबरोबर एक कार्यकर्ती होती. बावीस वर्षं चळवळीत. तिला सांधेवाताचा आजार झाला, सकाळी दोन-दोन तास बोटं वळायची नाहीत. एस.टी.नं गावोगाव फिरणं जमेना. तिला कोणी काढलं नाही. प्रकल्पाची मुदत संपली, आणि नव्या प्रकल्पात 'क्षेत्रभेटींची तयारी आवश्यक' अशी अट आली. आम्ही तिचा निरोप समारंभ केला, साडी-चोळी दिली, भाषणंही केली. मीही केलं. ती कार्यालयात बसून केसपेपर लिहू शकत होती, फोनवर बायांशी बोलू शकत होती, आमच्यापैकी कोणापेक्षाही चांगलं. तेवढं काम वेगळं काढून तिला द्यावं असं आम्हा कोणालाही सुचलं नाही. मुकादमाच्या वहीला नावं ठेवताना मला हे आठवतं. आपापल्या संस्थेत आजारपणाची पगारी रजा आहे का, मानधनावरच्या बायांना ती आहे का, हे आजच्या गटचर्चेत घ्यावं अशी माझी विनंती आहे. संयोजकांना आवडणार नाही, पण घ्या.

मग करायचं काय? मला विचाराल तर आरोग्य शिबिरं घ्या, पण त्या शिबिरात मजुरीचा प्रश्न विचारा. गोळ्या देताना विचारा की खाडा किती लागतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शासनाचं कल्याणकारी महामंडळ आहे. उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यानं आणि तेवढेच शासनानं त्यात घालायचे असं ठरलेलं आहे. पुन्हा फळ्याकडे बघा. एक जोडी हंगामात तीनशे टन तोडते. वीस रुपयांनी तिच्या नावावर सहा हजार जमा होतात. महिन्याला एक दिवस दोघांनाही भरपगारी आजारपणाची रजा द्यायची तर पाच महिन्यांचे लागतात ३,६६०. म्हणजे हे अशक्य मागणं नाही, पैसा त्याच उसातून निघतो. मागायला हवं ते एवढं : आजारपणाला खाडा म्हणायचं नाही. दंड पूर्ण बंद. उचल देताना कागद करायचा आणि त्यावर कारखान्याचंही नाव घालायचं. जोडीतलं एक आजारी पडलं तर बदली माणूस पुरवणं ही टोळीची जबाबदारी, घरातल्या पोरीची नाही. आणि जोडीचा कोयता ही मोजणीच मोडून बाईच्या नावावर बाईची मजुरी लिहायची. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण तिला मुकादमाच्या आधी नवरे विरोध करतात. परवा एका गावात मी हे बोलले तर बायाच गप्प झाल्या. घरी जाऊन मार कोण खाणार, हा त्यांचा प्रश्न होता.

मुकादमाबद्दलही दोन शब्द सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल तोच सगळ्याच्या मुळाशी आहे. त्यातले कित्येक कालचे ऊसतोडेच आहेत. माणसं पळाली तर त्याची जमीन जाते. तो दंड लावतो कारण त्याच्या डोक्यावरही एक वही आहे. त्या वहीच्या मालकापर्यंत आपण अजून पोचलेलो नाही.

यंदाच्या श्रावणात त्या गावातल्या सात बाया माझ्याबरोबर मुकादमाच्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यात तीही होती, आता पिशवी नसलेली. उचलीचे पैसे मोजायच्या आधी आम्ही एक कागद पुढे केला. महिन्याला दोन दिवस आजारपणाचे, त्याला दंड नाही, एवढंच लिहिलं होतं. मुकादम हसला. मग म्हणाला, एक दिवस देतो, पण कागद नको, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या मनात आलं, घ्यावा पदरात तो एक दिवस. तेवढ्यात तीच म्हणाली, "एक तर एक, पण कागद करा. शब्द फडात ऱ्हात न्हाई."

अर्धा तास गेला. चहा झाला. शेवटी त्यानं आपल्या वहीतलंच एक पान फाडलं, स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आणि सही केली. कारखान्याचं नाव काही घातलं नाही. सातजणींनी अंगठे-सह्या केल्या. त्या कागदाच्या आठ झेरॉक्स काढल्या आहेत, सात त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. इथे आणली आहे, चहाच्या सुट्टीत बघायला मिळेल. ज्यांच्या गावात अजून उचल वाटायची राहिली आहे त्यांनी तीवरून उतरवून घ्या, आणि जमलं तर कारखान्याच्या नावाची जागा तेवढी भरून घ्या.